नाव पेन्सिलीने

लग्न होऊन पोलादपूरला आले त्या पहिल्याच पावसाळ्यात मी एका शीळ घालणाऱ्यावर पाळत ठेवली होती. पहाटे पाचाच्या सुमाराला सासरच्या नर्सरीमागच्या पऱ्ह्याकडून, म्हणजे ओढ्याकडून, शीळ यायची. धड गाणं नाही, धड कुणाला घातलेली साद नाही. एखाद्याला चाल अर्धीच आठवावी आणि पुढचं विसरल्यावर त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी, तशी. चांगलं उजाडेपर्यंत हे चालायचं. त्या वर्षी रस्त्याच्या कामावर बाहेरगावची बरीच पोरं होती, त्यांतलाच कुणी असणार असं मी मनाशी धरलं. चार दिवस गप्प बसले, पाचव्या दिवशी सासूबाईंच्या कानावर घातलं. त्या भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अगो, ता पाखरू हाय."

मला वाटलं, सून नवीन आहे, घाबरू नये म्हणून समजूत घालतायत. दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन मीच पऱ्ह्यावर गेले. पाणी फुफाटत होतं. मधल्या खडकावर काळंभोर काहीतरी बसलेलं, साळुंकीपेक्षा थोराड. कावळ्याचं पिल्लू म्हणून मी मान वळवणार, तेवढ्यात ते वळलं आणि कपाळावर, खांद्यावर निळ्या रंगाचा असा चटका उमटला की छत्री हातातून सुटायची राहिली. मग त्यानं चोच उघडली आणि ती अर्धवट चाल सुरू झाली. पाण्याच्या एवढ्या खळखळाटात ती शीळ स्वच्छ वेगळी ऐकू येत होती.

सासूबाईंकडे त्याला 'शीळ घालणारा पाखरू' एवढंच नाव होतं. पुस्तकातलं नाव मला तीन वर्षांनी मिळालं: शीळकरी कस्तुर. म्हणजे सासूबाईंचंच नाव, जरा इस्त्री केलेलं.

मी मूळची वाईची. आंबेनळी घाटाच्या वरची. पोलादपूर ते महाबळेश्वर रस्ता पाहिला तर माहेर काही लांब नाही, पण पाखरांच्या हिशेबाने तो दुसरा मुलूख आहे. वाईला परसात चिमण्या, साळुंक्या, पोपट, घाटावर घारी. लहानपणी तेवढ्यात माझं भागत होतं. इथे सावित्री महाबळेश्वरवरून खाली उतरते, तिच्या दोन्ही अंगांना झाडी, पावसाळ्यात भिंतींनासुद्धा शेवाळ. अशा ठिकाणी दोन एकर नर्सरी म्हणजे पाखरांसाठी मांडलेलं पंगतीचं पान. ओली माती, गोगलगाई, अळ्या, शेणखतातले किडे, रोज झारीने घातलेलं पाणी. त्यात बाराही महिने काहीतरी फुललेलं असतं.

आमचा धंदा कलमांचा. हापूस, केसर, रत्ना. काजूत वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7. कोकम, जांभूळ, सोनचाफा, थोडी शोभेची झाडं. या धंद्यात ओळखणं हीच भाकरी. पिशव्यांना अडकवलेल्या चिठ्ठ्या पावसाने विरघळतात, पोरं उचलाठेव करताना रांगा मिसळतात, आणि मग बिननावाच्या शंभर पिशव्यांसमोर उभं राहून हा पायरी, हा हापूस, हा रायवळ असं सांगावं लागतं. पानाची लांबी, कडेची लाट, कोवळ्या पालवीचा तांबूसपणा, शेवटी पान चुरगळून नाकाशी धरायचं. हे मला सासऱ्यांनी शिकवलं. ते डोळे मिटून वास घेत आणि बहुतेक वेळा बरोबर असत.

बहुतेक वेळा. एकदा महाडकडचे एक गिऱ्हाईक सहा वर्षांपूर्वी नेलेल्या वीस हापूस कलमांपैकी एकाचे आंबे पिशवीत घालून आले आणि टेबलावर ओतून म्हणाले, "घ्या, तुमचा हापूस." लहान, गोल, धाग्याधाग्याचे, आंबटगोड. खाऊन पाहायचीसुद्धा गरज नव्हती. वरचं कलम कधीतरी मेलं असणार, सांध्याखालून खुंटाची फूट आली असणार आणि तीच जोमाने वाढून झाड झालं. खुंट आम्ही रायवळ कोयीचाच करतो. आम्ही त्यांना दोन कलमं फुकट दिली. सासरे त्या रात्री जेवताना बोलले नाहीत.

हे इथे सांगते त्याचं कारण आहे. झाडाच्या ओळखीतली चूक सहा वर्षांनी का होईना, पिशवीतून घरी परत येते. पक्ष्याच्या ओळखीतली येत नाही. तुम्ही शिक्र्याला घार म्हणा नाहीतर घारीला गरुड, कोणी तक्रार घेऊन येत नाही. पक्षी उडून जातो आणि चूक आपल्यापाशीच राहते, खरी म्हणून.

2009 साली आवक-जावकाच्या वहीची मागची पानं उलटी धरून मी त्यांवर पाखरं लिहायला लागले. तारीख, वेळ, कुठे दिसलं, काय करत होतं, आणि नाव. सुरुवातीला नाव आधी लिहायचे आणि बाकी सगळं जमलं तर. ती पहिली पानं आता पाहते तेव्हा हसू येतं. 'गरुड (लहान)' अशी एक नोंद आहे. 'रंगीत लावा' अशी एक. ही दुसरी बहुधा नवरंग असावी, कारण तारीख जूनच्या पहिल्या आठवड्यातली आहे, जागा बांबूखालच्या पाचोळ्याची आहे आणि नवरंग पावसाबरोबरच इकडे येतो. पण 'बहुधा'च. काय करत होता ते मी लिहिलेलंच नाही, तर आता कुणाला विचारू?

पेन्सिल आली ती पावशामुळे.

पाण्याच्या टाकीपाशी आमचा शेवगा आहे. जूनच्या अखेरीस त्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे गठ्ठे बसतात, नुसतं जवळून गेलं तरी अंगाला खाज सुटते. एका दुपारी पाऊस थांबला होता आणि बुलबुलांनी एकदम कल्लोळ मांडला. शेवग्यावर राखाडी पाठीचा, छातीवर तांबूस, शेपटीवर काळे पट्टे असलेला पक्षी येऊन बसला. बसण्याची ढब शिकाऱ्याची, उडत येण्याची रीतही तीच: चार वेळा पंख मारायचे आणि तरंगत यायचं. मी ठसठशीत निळ्या शाईने लिहिलं: शिक्रा. नवऱ्याला बोलावून दाखवला, कोंबड्यांची पिल्लं आत घ्यायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी तोच पक्षी त्याच फांदीवर. या वेळी मी घाई केली नाही, दांडीवर वाळत घातलेल्या चादरीआड उभी राहून पाहत बसले. त्याने वाकून खोडावरचा एक केसाळ सुरवंट उचलला, फांदीवर दोन-तीनदा आपटला आणि गिळला. मग दुसरा. मग तिसरा. असा कुठला शिक्रा, जो सुरवंट खातो? चोच पाहिली तर आकड्यासारखी नाही, जवळजवळ सरळ. पाय बारीक, त्यात पकडीचं बळ नाही. आणि तेवढ्यात त्याने मान वर करून जन्मभर ऐकलेला तो सूर लावला, एकेक पायरी चढत जाणारा: पेर्ते व्हा, पेर्ते व्हा.

पावशा! वाईला दरवर्षी ऐकलेला, एकदाही न पाहिलेला. आवाज ओळखीचा, पक्षी अनोळखी, आणि दोघांची गाठ माझ्या मनात कधी पडलीच नव्हती. नंतर कळलं की पावशाचं हे सोंग त्याच्या धंद्याचं आहे. तो सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकतो, आणि शिक्र्यासारखा दिसला की घरट्याची मालकं घाबरून पांगतात. बुलबुल फसले, मी फसले. वहीत मात्र शाई वाळलेली होती. खोडून लिहिलं, आणि त्या दिवसापासून रीत ठरवली: काय केलं ते पेनाने, नाव पेन्सिलीने.

त्याच ऑगस्टमध्ये सासूबाई ओटीवर बसून कडवे वाल निवडत होत्या. अंगणात सातभाईंचं टोळकं नेहमीसारखं भांडत उड्या मारत होतं. त्या म्हणाल्या, "हा आठवा भाऊ कुणाचा गो?" खरंच, एक जण अंगाने मोठा, शेपूट पट्ट्यापट्ट्यांची, आणि सगळे मिळून त्याच्याच तोंडात किडे भरवत होते. तो नुसता तोंड वासून ओरडत होता. सासूबाईंना पुस्तकातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त मोजलं होतं.

मी पाखरांचं काही लिहिते हे हळूहळू महाडच्या बाजारापर्यंत पोचलं. गिऱ्हाइकं रोपं घ्यायला येतात आणि खिशातून मोबाईल काढतात. "ताई, हा बघा. आमच्या परसात आला होता. असा पक्षी आम्ही जन्मात पाहिला नाही." फोटोत बहुधा एक धुरकट ठिपका, मागे तार. इतक्या वर्षांत एक गोष्ट ध्यानात आली: जन्मात न पाहिलेला पक्षी बहुतेक वेळा रोजच्याच पक्ष्याची बायको किंवा पोर निघतं. सगळ्यात जास्त वेळा दाखवली जाते ती कोकिळाची मादी. तपकिरी अंग, त्यावर पांढरे ठिपके, लालबुंद डोळे. लोक ससाणा म्हणून आणतात. नर काळा कुळकुळीत, तो सगळ्यांना माहीत. आणि गातो तोच. मादी नुसती किक्-किक् करत पळते. आपण मात्र शतकानुशतकं 'कोकिळा गाते' म्हणतो.

दुसरा नंबर जांभळ्या सूर्यपक्ष्याच्या नराचा. विणीच्या दिवसांत तो काळा-जांभळा चमकतो, पण पाऊस सरला की कपडे बदलतो. पोट पिवळट होतं आणि गळ्यापासून खाली एक काळी रेघ तेवढी उरते, टाय बांधल्यासारखी. दर दिवाळीच्या आसपास कुणीतरी ती टाय घेऊन येतंच. दयाळाचं पिल्लू, छातीवर ठिपके असलेलं, हे तिसरं.

म्हणून मी आता फोटो आधी पाहत नाही. विचारते: चिमणीएवढा, साळुंकीएवढा की कावळ्याएवढा? जमिनीवर होता, खोडावर होता की तारेवर? शेपूट हलवत होता का, वर की खाली? एकटा होता की मेळ्यात? रंग सगळ्यात शेवटी. माणसं नाराज होतात, कारण त्यांना रंगच सांगायचा असतो. पण रंग उन्हाबरोबर बदलतो. त्या कस्तुराचा निळा मला पहिल्यांदा दिसलाच नव्हता. सवय बदलत नाही. नाचण दिसला की शेपटीचा पंखा उघडझाप करणारच, मग तो सावलीत असो की उन्हात.

शिंपी पक्ष्याला तर पाहायचीही गरज पडत नाही. एकदा विक्रीला काढलेल्या सोनचाफ्याच्या कलमावर दोन पानं कडेने शिवलेली दिसली. कोळ्याच्या जाळ्याचे आणि कापसाचे तंतू, भोकातून ओढून बाहेर गाठीसारखे फुगवलेले. नेमकं तेच कलम एका बाईंनी बाजूला काढून ठेवायला सांगितलं होतं. त्यांना फोन केला, "महिनाभर थांबाल का? त्यात भाडेकरू आहे." त्या हसल्या आणि थांबल्या. बारा-तेरा दिवस उबवणं आणि साधारण तेवढेच दिवस भरवणं, महिन्याच्या आतच खोली रिकामी झाली.

आता पेन्सिल कामी आली तो दिवस. 2013, जूनचा दुसरा आठवडा. आदल्या वर्षी आम्ही रस्त्याच्या बाजूला एक छोटं ऑफिस बांधलं होतं, त्याला मोठी काचेची खिडकी. रात्री जोराचा पाऊस झाला होता. सकाळी ऑफिस उघडायला गेले तर खिडकीखाली फरशीवर लहान मुलाचं प्लास्टिकचं खेळणं पडलेलं. गिऱ्हाइकाच्या मुलाने टाकलं असेल म्हणून उचलायला वाकले आणि त्याने डोळा उघडला.

हातात घेतलं तेव्हा वजनच जाणवेना. नंतर वाचलं, साधारण पंधरा ग्रॅम. म्हणजे दहा रुपयांची दोन नाणी. चोच अंगाच्या मानाने वाजवीपेक्षा मोठी, पोवळ्याच्या रंगाची. पोट हळदीपेक्षा गडद. डोक्यावर जांभळट गुलाबी झाक, पाठीवर काळसर निळा. एवढ्याशा अंगावर एवढे रंग मी पैठणीतही पाहिले नाहीत. खंड्या आहे हे चोचीवरून कळलं. पऱ्ह्यावर लहान खंड्या येतो तो मला माहीत होता, तोही वर निळा आणि खाली नारंगी. मी तसंच लिहिलं: लहान खंड्या. पेन्सिलीने, नशीब.

महाडच्या एका पक्षिनिरीक्षकांना फोन लावला. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "चोच काळी आहे की लाल?" लाल. "अख्खी लाल?" अख्खी. मग म्हणाले, "पायाची बोटं मोजा."

मोजली. तीन. पुन्हा मोजली. तीनच.

"तिबोटी खंड्या," ते म्हणाले. "पावसाबरोबर येतो, रात्रीचा प्रवास करतो आणि काचेवर आपटतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, भोकं पाडा, झाकण लावा. पाणी पाजू नका, काही भरवू नका, पोरांना दाखवू नका. तासाभराने झाडीजवळ खोकं उघडा." कलमांच्या पट्ट्यांचं खोकं होतं, त्यात जुनं फडकं घालून ठेवलं. तासभर मी कोणतंही काम धड केलं नाही. झाकण उघडलं तर तो क्षणभर तसाच बसला, मग पऱ्ह्याच्या दिशेने एक निळी-नारंगी रेघ गेली आणि बारीक 'ची' असा आवाज मागे राहिला. तो आवाज मी गेली सात वर्षं ऐकत होते. टोळाचा समजून.

आता हाच पक्षी रायगडचा जिल्हा पक्षी म्हणून ओळखला जातो. तेव्हा मला त्याचं नावही माहीत नव्हतं.

पिशव्या भरायला आम्हाला लाल माती लागते. ती नर्सरीच्या मागे पऱ्ह्याकडेच्या दरडीतून काढतो. माती चाळायला आणि पिशव्या भरायला कातकरीवाडीवरची एक मावशी येते, माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून. पुढच्या जूनमध्ये गडी कुदळ घेऊन दरडीकडे निघाला तर तिने त्याला अडवलं. "हितं नको. हितं घर हाय."

दरडीत कमरेएवढ्या उंचीवर एक भोक होतं, जेमतेम लिंबू जाईल एवढं. अशी भोकं तिथे दहा होती; मला सगळी सारखी. तिने मला जवळ नेऊन दाखवलं, बोट न लावता. खेकड्याच्या भोकाच्या तोंडाशी ओल्या मातीच्या गोळ्या असतात. उंदराचं भोक असं हवेत नसतं, बुडाशी असतं. आणि हे बघ, म्हणाली, भोकाच्या तळाशी दोन खाचा, गाडीच्या चाकोरीसारख्या. येता-जाता पाखराचे दोन पाय घासतात त्याच्या. "मग राघू असेल," मी म्हणाले, कारण वेडे राघूही दरडीत भोकं करतात. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी किती वर्षं इथे राहते याची मला लाज वाटली. "राघू उन्हाळ्याचा. पावसात भोक हुकरतो तो हा बारका."

नाव तिला ठाऊक नव्हतं. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, तिबोटी खंड्या. तिने ऐकून घेतलं आणि पिशवी भरायला लागली.

त्या महिन्यात मी शेडनेटच्या आत, दरडीपासून बऱ्याच लांब, उलटी बादली टाकून बसायचे. दोघं आळीपाळीने यायची. भरवायला काय आणतात याची वहीत नोंद आहे: लहान पाल, सापसुरळीचं पिल्लू, खेकडा, बेडूक, रातकिडा, पुन्हा पाल. मासा फार कमी. मला खंड्या म्हणजे मासेखाऊ एवढंच ठाऊक होतं, इथे तर घरातल्या पाली संपवणारा निघाला. पाल आडवी आणली तर बिळात जाणार नाही म्हणून फांदीवर आपटून, डोकं पुढे करून घेऊन जायचा. नर कोणता, मादी कोणती, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. दोघांचे रंग सारखेच.

माती आम्ही त्या वर्षी दुसऱ्या बाजूने काढली. लांब पडली, गाडीभाडं वाढलं. नवरा कुरकुरला, पण रोज संध्याकाळी विचारायचा, "आज किती पाली?"

एक चूक मी केली. कौतुकाने चार जणांना जागा सांगितली. दोन वर्षांनी मोठमोठ्या लेन्स घेतलेली माणसं गाड्या करून आली. काहींनी आधी विचारलं, लांब बसले, दोन तासांत निघून गेले. पण एका कंपूने बिळासमोर हातभर अंतरावर काठी रोवली, पाखराने तिच्यावर बसावं म्हणजे फोटो छान येतो. पाखरं चोचीत खेकडा घेऊन तासभर समोरच्या जांभळावर बसून राहिली, बिळाकडे फिरकेनात. आत पिल्लांचा आवाज चाललेला. मी काठी उपटून आणली आणि फाटक बंद केलं. तेव्हापासून जागा कुणाला सांगत नाही. या लेखातही पऱ्ह्याचं नाव लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे.

22 जुलै 2021 चं फार लिहीत नाही. महाड पाण्याखाली गेलं, तळिये गावावर डोंगर आला, आमच्या तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीला दरडी कोसळल्या. ओळखीची माणसं गेली. आमच्या पिशव्या वाहून गेल्या त्याला नुकसान म्हणायचीही जीभ होत नव्हती. चार-पाच दिवसांनी मागे गेले तर आमची दरड सपाट झाली होती, लाल मातीचा नुसता ओघळ. बिळात त्या दिवशी कुणी होतं की पिल्लं आधीच उडून गेली होती ते वहीत नाही. त्या दिवसांची पानं कोरी आहेत. मावशी पुढच्या महिन्यात कामावर आली तेव्हा तिनेही ओघळाकडे पाहिलं, बोलली नाही.

पुढच्या वर्षी वीस पावलं वरच्या अंगाला, पडलेल्या दरडीच्या ताज्या कापावर, दोन खाचा असलेलं भोक दिसलं. या वेळी ते मला आधी दिसलं. मावशीला सांगितलं तर म्हणाली, "सकाळीच बघितलं."

माझा भाऊ वाईहून येताना पुस्तकं आणतो. मारुती चितमपल्लींचा 'पक्षिकोश' त्यानेच दिला. त्यात एकेका पक्ष्याची इतकी नावं आहेत की वाचताना गावोगाव हिंडल्यासारखं वाटतं. भारद्वाज घ्या: कुणी सोनकावळा म्हणतं, कुणी कुंभारकावळा, कुणी कुक्कुडकोंबा. आमच्या सासूबाईंच्या तोंडी कुंभारकावळाच. गिऱ्हाइकांना हे ऐकवलं की त्यांना वाटतं आपलंच नाव चुकीचं होतं. चुकीचं कुठलंच नाही. फक्त माणूस कुठून पाहत होता ते त्यातून कळतं. कुणाला पंखाचा विटकरी रंग दिसला, कुणाला त्याचा घुमणारा आवाज.

मला त्या पुस्तकांपेक्षाही धीर देते ती सलीम अलींची गोष्ट, आणि ती आमच्याच जिल्ह्यातली आहे. 1930 मध्ये ते जर्मनीतून शिकून परतले तर मुंबईतल्या संग्रहालयातली त्यांची नोकरीच राहिली नव्हती. ते अलिबागजवळ किहीमला येऊन राहिले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. दुसरं काम नव्हतं, म्हणून ते शिडी लावून महिनोन्‌महिने तेवढ्याच घरट्यांकडे पाहत बसले. सुगरण हा पक्षी शेताच्या बांधावर रोज दिसणारा, त्यात अनोळखी काय? पण नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करतो आणि पुढच्या घरट्याला लागून दुसऱ्या मादीची वाट पाहतो, हे त्या शिडीवर बसून कळलं. म्हणजे विणणारा नर, आणि नाव सुगरण. गाणारा नर, आणि म्हणायचं कोकिळा गाते. मराठीने दोन्ही कामं बाईच्या नावावर लावली आहेत. घरातली बाकीची कामं तरी तिच्या नावावर लागू देत.

हल्ली मुलीने माझ्या मोबाईलमध्ये आवाजावरून पक्षी ओळखणारं एक ॲप घातलं आहे. मी त्याला नावं ठेवत नाही. हिरवा तांबट पानांत कधी दिसत नाही, त्याने तो ऐकूनच सांगितला. पण एकदा आंब्याच्या रांगेत फोन धरून उभी होते, तर पडद्यावर भराभर नावं यायला लागली. शिक्रा, हळद्या, सातभाई, बुलबुल. एवढी जत्रा आली कुठून म्हणून वर पाहिलं तर एकटा भृंगराज, शेपटीच्या दोन लांब तारांना चमचे लटकवून, फांदीवर बसून सगळ्यांच्या नकला करत होता. मावशी पिशव्या उचलत होती. ती वर न पाहता म्हणाली, "एकच हाय तो. लबाड."

गेल्या नोव्हेंबरात पक्षी सप्ताहात एका शाळेने बोलावलं. 5 तारखेला चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 ला सलीम अलींचा, त्यामधला तो आठवडा. मी वही नेली होती. सहावीतल्या एका मुलीने पानं उलटली आणि विचारलं, "तुम्ही नावं एवढी का खोडता?" मी पावशाची गोष्ट सांगितली. तिने आणखी दोन पानं उलटली. "आणि इथे नावच नाही." ते 2018 च्या जानेवारीचं पान. बांबूच्या बेटात, अंधार पडताना, साळुंकीएवढा, तपकिरी, जमिनीलगत, पाचोळा उचलून बाजूला फेकत होता. दोन मिनिटं दिसला. मी तिला म्हणाले, हा अजून यायचाय. "आला नाही तर?" तर रकाना रिकामा. तिला ते पटलं नाही. तिने वहीच्या कोपऱ्यात माझ्याच पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं: 'कस्तुर?' प्रश्नचिन्हासकट. मी खोडलेलं नाही. चुकीचं असेलच असं नाही.

मे संपत आला की ऑफिसच्या काचेच्या खिडकीला मी जुनी वर्तमानपत्रं चिकटवते, आतून-बाहेरून, अगदी कडेपर्यंत. खळीने चिकटवलेली असतात, पावसाने सुटतात, पुन्हा लावायची. ऑक्टोबरात काढायची. आत दिवसाही दिवा लावावा लागतो आणि हिशेब करताना डोळ्यांवर ताण येतो. 2013 नंतर त्या खिडकीखाली काही पडलेलं नाही. यंदा पहिलाच कागद लावत होते, तेवढ्यात रस्त्यावर गाडी थांबली. एक गृहस्थ उतरले, खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळहळून म्हणाले, "काय हो ताई, नर्सरी बंद केलीत?"